अस्थिशोथ, रिसेप्टर आणि आपली औषधे

काही महिन्यांपूर्वी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी दवाखान्यात आला. गुग्गुळाच्या एका कॅप्सूलचे गुळगुळीत रंगीत पत्रक त्याने टेबलावर ठेवले. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते : ‘रँक-लायगँड रोधक, हाडांची झीज थांबवते’. रँक-लायगँड म्हणजे काय, असे मी त्यास विचारले. तो हसला आणि म्हणाला, “सर, ते मागे लिहिले आहे.” मागे एका खांद्याचे चित्र आणि मात्रा, एवढेच होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही त्या वेळी त्याविषयी अर्धवटच ठाऊक होते. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आमच्या वेळी हा विषय दोन ओळींत संपत असे.

त्याच आठवड्यात दिघीतील एक कोळी स्त्री तपासणीस आली. वय साठीच्या आसपास, मासळीच्या पाट्या वाहण्यात आयुष्य गेलेले. गुडघे आणि हातांची बोटे सुजत म्हणून चौदा महिने ती एक पुडी घेत होती. बाजाराच्या दिवशी एक माणूस येतो व ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकतो, एवढीच तिला माहिती. पुडीवर नाव नाही, घटकद्रव्ये नाहीत. ती मला म्हणाली, “तुमच्या काढ्यानं महिना लागतो डाक्टर, ह्या पुडीनं मी दोन तासांत उभी राहते.” चेहरा गोल झालेला, हातांवर ठिकठिकाणी निळे डाग, रक्तदाब १७०/१००. पंधरा दिवसांपूर्वी पाटी उचलताना पाठीत कळ आली होती, ती हटत नव्हती. क्ष-किरण चित्रात बारावा पृष्ठकशेरुक दबलेला स्पष्ट दिसला.

ते पत्रक आणि ही पुडी, दोन्हींच्या मुळाशी एकच विषय आहे : पेशींवरील रिसेप्टर आणि त्यांच्याद्वारे हाडांतील शोथावर होणारी क्रिया. एकात त्या विषयाचा दावा होता, दुसऱ्यात त्याचा प्रत्यक्ष परिणाम होता. आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी हा विषय नीट समजून घेतला नाही तर पत्रकावर विश्वास बसतो आणि पुडी ओळखू येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शब्दाविषयी. रिसेप्टरला मराठी परिभाषेत ‘ग्राही’ म्हणतात. परंतु आपल्या द्रव्यगुणात ग्राही म्हणजे सुंठ-जिऱ्यासारखे दीपन-पाचन करून द्रवांश शोषणारे द्रव्य. घोटाळा नको, म्हणून येथे रिसेप्टर हाच शब्द ठेवतो.

रिसेप्टर म्हणजे विशिष्ट आकाराचे प्रथिन. काही रिसेप्टर पेशीच्या आवरणावर असतात. बाहेरून आलेला रेणू पेशीच्या आत शिरत नाही. तो केवळ त्या प्रथिनास येऊन चिकटतो आणि आत पुढची कामे सुरू होतात. आगरदांड्याहून येणारी फेरीबोट दिघीच्या जेट्टीला लागते तेव्हा बोट काही गावात येत नाही. दोर खुंटाला पडला की धक्क्यावरची माणसे कामाला लागतात, तसेच हे. दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर पेशीच्या आत असतात. स्नेहात विरघळणारे रेणू, उदाहरणार्थ स्टेरॉइड, आवरण ओलांडून आत जातात, तेथील रिसेप्टरला बांधले जातात आणि ही जोडी केंद्रकात जाऊन कोणती प्रथिने बनावीत व कोणती बनू नयेत हे ठरवते. पहिल्या प्रकारची क्रिया बहुधा त्वरित होते, दुसऱ्याची तासांनी आणि दिवसांनी दिसते, परंतु ती खोलवर असते.

औषध रिसेप्टरला चिकटून त्यास चालू करते किंवा नुसती जागा अडवून बसते. तिसरा मार्ग असा की औषध रिसेप्टरला स्पर्शही करत नाही. त्याच्याकडे येणारा निरोपच वाटेत पकडते.

येथे एक गल्लत फार होते, ती दूर केली पाहिजे. सर्वच शोथहर औषधे रिसेप्टरवर काम करत नाहीत. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, सेलेकॉक्सिब ही औषधे प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला रोखतात. हे कार्य जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या शल्लकीतील बॉस्वेलिक आम्लेही मुख्यत्वे एन्झाइमवरच काम करतात. ते एन्झाइम म्हणजे ५-लिपॉक्सिजिनेज, ज्यापासून ल्युकोट्राइन बनतात. प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन पुढे आपापल्या रिसेप्टरला जाऊन भिडतात हे खरे, पण औषधाचा घाव एक पायरी अलीकडे बसतो. पत्रकात ‘रिसेप्टरवर कार्य’ असे दिसले की प्रथम हा प्रश्न विचारावा.

आता हाडाकडे वळू. हाड ही जड वस्तू नव्हे. प्रौढ माणसाच्या सांगाड्यापैकी सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी खणून काढला जातो आणि नव्याने भरला जातो. खणणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, त्यांना अस्थिभक्षक म्हणू. भरणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट, त्या अस्थिजनक. या दोहोंमधील हिशेब जुळवण्याचे काम तीन प्रथिने करतात. अस्थिजनक पेशींच्या पृष्ठभागावर रँक-लायगँड असते. अस्थिभक्षकांच्या पूर्वज पेशींवर रँक नावाचा रिसेप्टर असतो. लायगँड रिसेप्टरला जोडले गेले की आत एनएफ-कप्पा-बी हा घटक जागा होतो, तो केंद्रकात जातो, आणि या पूर्वज पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या, अनेक केंद्रकांच्या अस्थिभक्षक पेशी बनतात. तिसरे प्रथिन ऑस्टिओप्रोटेजेरिन, ज्याचा शोध १९९७ मध्ये जाहीर झाला. हा एक बनावट रिसेप्टर आहे. कोणत्याही पेशीशी न जोडलेला खुंट पाण्यात तरंगावा आणि दोर त्यालाच पडावा, तसे तो लायगँडला पकडून ठेवतो. मग खणण्याची आज्ञा पोहोचतच नाही.

शोथ झाला की हा हिशेब बिघडतो. संधिवातसदृश आमवातात, ज्यास आधुनिक वैद्यक रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, सांध्याच्या अस्तरातील पेशी व टी-पेशीही रँक-लायगँड बनवू लागतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ हे निरोप्ये त्यात भर घालतात. प्रोस्टाग्लँडिन ई-२ देखील अस्थिजनक पेशींवरील आपल्या रिसेप्टरद्वारे रँक-लायगँड वाढवते. सांध्याच्या कडेला हाड कुरतडले जाते, ते यामुळे. हाडाच्या मज्जेतील हा शोथ साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. एमआरआयमध्ये मज्जेत पाणी साठल्यासारखा दिसतो, आणि पुढे जेथे हाड कुरतडले जाणार तेथे तो बहुधा आधी दिसतो. ‘क्ष-किरण चित्र स्वच्छ आहे, म्हणजे हाडाला काही नाही’ हे आपल्यापैकी अनेकांचे वाक्य या दृष्टीने अपुरे आहे.

या संपूर्ण विषयात मला सर्वांत उद्बोधक वाटलेला प्रयोग १९९९ मधील आहे. कृत्रिम संधिशोथ झालेल्या उंदरांना ऑस्टिओप्रोटेजेरिन दिले गेले. त्यांची हाडे वाचली, परंतु सांध्यांची सूज मात्र तशीच राहिली. म्हणजे शोथ आणि हाडाची झीज या दोन गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालत असल्या तरी त्यांची दारे वेगळी आहेत. एक दार बंद केले म्हणून दुसरे बंद होत नाही.

माणसांतही हेच दिसले. डेनोसुमॅब हे प्रतिपिंड रँक-लायगँडला पकडते. अस्थिसौषिर्यासाठी, म्हणजे ऑस्टिओपोरोसिससाठी, त्यास अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. ६० मि.ग्रॅ.चे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली देतात. तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत मणक्यांचे नवे अस्थिभंग ६८ टक्क्यांनी घटले. रूमॅटॉइडच्या रुग्णांत त्याने हाडांचे कुरतडणे कमी केले, पण सूज आणि वेदना कमी केल्या नाहीत. आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवलीच पाहिजे : हे इंजेक्शन मध्येच थांबवले तर दडपलेले अस्थिभक्षक उसळून येतात आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. डेनोसुमॅब चालू असलेला रुग्ण ‘आता आयुर्वेदच घेतो’ असे म्हणून आपल्याकडे आला, तर ‘बरे झाले, बंद करा’ असे म्हणू नये. सहा महिन्यांची तारीख विचारावी आणि ज्यांनी इंजेक्शन सुरू केले त्यांच्याशी बोलावे.

शोथाचे दार बंद करणारी औषधे निराळी. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ च्या रिसेप्टरलाच अडवते. टीएनएफला पकडणारी औषधे १९९० च्या दशकाअखेर आली. या गटाने रूमॅटॉइडच्या रुग्णांचे चित्र बदलले, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु शोथ हा केवळ शत्रू नसतो. तो पहारेकरीही असतो. टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी सुप्त क्षय जागा होतो, हे २००१ मध्येच नोंदले गेले. आपल्या देशात त्याचे महत्त्व सांगायला नको. ज्याच्या हाडातील शोथ जंतूंमुळे आहे, मग ती पाठीच्या मणक्याची क्षयबाधा असो वा अस्थिविद्रधी, त्यास शोथहर औषध देणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ज्वर, रात्रीचा घाम, वजन घटणे असेल, अथवा एकाच हाडावर बोट ठेवता येईल अशी वेदना असेल, तर गुग्गुळाच्या आधी तपासणी.

आता ज्या रिसेप्टरने त्या कोळी स्त्रीला दोन तासांत उभे केले त्याकडे येतो. येथे मी थोडा थांबणार आहे, कारण आपल्या व्यवसायावर सर्वाधिक डाग याच रिसेप्टरच्या वाटेने लागला आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी रूमॅटॉइडने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीस प्रथम कॉर्टिसोन दिले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. कॉर्टिसोनच्या कुळातील औषधे पेशीच्या आतील ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला बांधली जातात. ही जोडी केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बी सारख्या शोथकारक घटकांचे तोंड दाबते. टीएनएफ, इंटरल्युकिन, प्रोस्टाग्लँडिन सारेच उतरते. शोथाच्या बाबतीत याहून व्यापक औषध नाही.

परंतु तोच रिसेप्टर अस्थिजनक पेशींतही आहे, आणि तेथे परिणाम उलटा होतो. अस्थिजनक पेशी मरू लागतात. उरलेल्या पेशी रँक-लायगँड अधिक आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी बनवतात. आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते. म्हणजे शोथ शांत होतो आणि त्याच वेळी हाड खणले जाते. मणके मोडण्याचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढतो, बहुधा हाडाची घनता फारशी घटण्यापूर्वीच. मांडीच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मरते, ही दुसरी आपत्ती. प्रेडनिसोलोन रोज २.५ मि.ग्रॅ. इतक्या अल्प मात्रेत तीन महिन्यांहून अधिक द्यायचे असेल तरी अस्थिरक्षणाचा विचार करावा, असे संधिरोगतज्ज्ञ सांगतात. तुलनेसाठी, ०.७५ मि.ग्रॅ. डेक्सामेथासोन हे ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचे. इतकी चिमूट कोणत्याही चूर्णात मिसळली तर रंग, वास, चव यांत काहीही फरक पडत नाही.

त्या पुडीचे उरलेले चूर्ण मी स्वखर्चाने एका प्रयोगशाळेत पाठवले. सुंठ, थोडी हळद आणि डेक्सामेथासोन. विकणारा माणूस त्यानंतर आमच्या बाजारात दिसला नाही. तक्रार करूनही हाती काही लागले नाही.

औषधविक्रेते बंधूंना येथे एक विनंती आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० यात आयुर्वेदिक औषधांच्या भेसळीसाठी ३३-ईई हे स्वतंत्र कलम आहे, आणि लेबलावर घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक व बॅच क्रमांक असणे नियमाने आवश्यक आहे. परंतु आयुर्वेदिक औषधे विकण्यासाठी वेगळा विक्री परवाना लागत नाही. म्हणून दुकानाच्या फळीवर काय चढते याची छाननी प्रत्यक्षात तुम्हीच करता, दुसरे कोणी नाही. ‘संधिवातावर एका दिवसात आराम’ असे म्हणणारा माल, ज्याचा परवाना क्रमांक लागत नाही, तो परत करावा. त्यातील नफा मोठा असतो हे मला ठाऊक आहे.

वैद्याने संशय कसा घ्यावा? आराम काही तासांत, आणि तोही सांधा, दमा, खाज, अशा सर्वच तक्रारींत. भूक अकस्मात वाढते. पुडी एक दिवस चुकली की अंग गळून जाते. चेहरा गोल, कातडी पातळ, साखर आणि रक्तदाब नव्याने चढलेले. असा रुग्ण दिसला की आपला पहिला आवेग ‘ते विष आजच फेका’ असा असतो. तो आवरावा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. पुडी एकदम बंद केली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे, आणि ताप वा जुलाबाचे निमित्त होऊन मृत्यूही ओढवू शकतो. सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल मोजावे आणि एखाद्या फिजिशियनच्या साहाय्याने, ज्ञात मात्रेचे स्टेरॉइड देऊन, ते पायरीपायरीने उतरवावे. आपल्या हातून स्टेरॉइडची चिठ्ठी लिहिली जाणे काहींना रुचणार नाही. मलाही रुचले नव्हते.

आता आपल्या औषधांविषयी. पत्रकातील दावा सर्वस्वी खोटा नव्हता, हे सांगणे न्यायाचे होईल. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन रँक-लायगँडने जागवलेल्या एनएफ-कप्पा-बी ला दडपते आणि अस्थिभक्षक पेशी बनू देत नाही, असा निबंध २००६ मध्ये ह्यूस्टन येथील भरत अग्रवाल यांच्या गटाने प्रसिद्ध केला. परंतु ते काम काचपात्रातील पेशींवरचे होते. शुद्ध गुग्गुलस्टेरोन थेट पेशीवर ओतणे आणि रुग्णाने योगराज गुग्गुळाच्या दोन गोळ्या कोमट पाण्याबरोबर घेणे, यांत जठर, आतडे आणि यकृत आहे. शिवाय तेथे रँक-लायगँड रोखले गेले नव्हते, त्याच्या पुढची साखळी रोखली गेली होती. म्हणून ‘रँक-लायगँड रोधक’ हा शब्दच चुकीचा.

काचपात्र आणि रुग्ण यांतील अंतर किती, हे गुग्गुळानेच एकदा दाखवले आहे. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुलस्टेरोन एफएक्सआर या रिसेप्टरला अडवते व त्यामुळे मेद घटतो, असे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मोठा आनंद झाला. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी मेदोरोगाच्या ग्रंथोक्त वर्णनापासून सुरू केलेल्या संशोधनाला जणू पावती मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील नियंत्रित चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कोलेस्टेरॉल घटले नाहीच, उलट सुमारे पाच टक्क्यांनी वाढले आणि काही जणांच्या अंगावर पुरळ उठले. त्या चाचणीतील आहार, प्रकृती, अनुपान यांविषयी आपण वाद घालू शकतो. परंतु रिसेप्टर सापडला म्हणजे औषध सिद्ध झाले, हे गणित मात्र मोडले.

२००५ च्या एका अभ्यासात गुग्गुलस्टेरोन अनेक स्टेरॉइड रिसेप्टरांना कमी-अधिक चिकटते असे आढळले. एका किल्लीने अनेक कुलपे थोडी थोडी फिरावीत तसे. यात गुण असेल, तशी जोखीमही आहे. ते यकृतातील पीएक्सआर या रिसेप्टरलाही चालना देते, त्यामुळे इतर औषधांचा निचरा लवकर होतो. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांची रक्तातील पातळी गुग्गुळासोबत घटल्याची नोंद आहे. आमच्या किनाऱ्यावर रक्तदाबाच्या गोळ्या न घेणारा साठीचा माणूस शोधावा लागतो. गुग्गुळकल्प लिहिण्याआधी खिशातील दुसरी चिठ्ठी बघण्याची सवय मी त्यानंतर लावून घेतली. गर्भिणीस गुग्गुळ देऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

मग आपल्या हाती ठोस काय आहे? महाराष्ट्रातच झालेली काही कामे आहेत आणि आपण त्यांचा उल्लेख पत्रकांपेक्षा कमी करतो. पुण्यात १९९१ मध्ये अश्वगंधा, शल्लकी, हळद आणि जस्त यांच्या योगावर ४२ संधिगतवाताच्या रुग्णांत द्विअंध चाचणी झाली. वेदना आणि असमर्थता घटली. नागपूरला २००३ मध्ये शल्लकीच्या अर्कावर गुडघ्याच्या ३० रुग्णांत चाचणी झाली. वेदना कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, सुजेची वारंवारता घटली. दोन्ही ठिकाणी क्ष-किरण चित्र मात्र बदलले नाही, आणि संशोधकांनी ते सरळ लिहिले. पुण्यातील अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या अर्कांवर आधारलेले दोन योग ४४० रुग्णांत, २४ आठवडे, ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिबच्या तुलनेत तपासले. २०१३ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गुडघ्याच्या वेदनेत आयुर्वेदिक योग या दोहोंच्या बरोबरीचे ठरले. आयुर्वेदिक गटातील सात रुग्णांत एसजीपीटी वाढले, कोणतीही तक्रार नसताना, आणि औषध थांबवल्यावर पूर्ववत झाले. हेही त्यांनी लपवले नाही. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा मुद्दा मांडला. वाद काही असो, तीन महिन्यांहून अधिक गुळवेल-गुग्गुळ चालवताना मी यकृताच्या चाचण्या करून घेतो. खर्च फार नाही.

या सर्व चाचण्यांत वेदना आणि हालचाल मोजली आहे. अस्थिभक्षक पेशी मोजलेल्या नाहीत. तेव्हा ‘आमचे औषध सांध्याची वेदना कमी करते’ असे आपण पुराव्यासह म्हणू शकतो. ‘हाडाची झीज थांबवते’ असे अद्याप म्हणू शकत नाही.

संप्राप्तीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मनात येते, ती माझे निरीक्षण म्हणूनच मांडतो. वाग्भटाने अस्थी आणि वायू यांचा आश्रयाश्रयी भाव इतर दोषधातूंहून उलटा सांगितला आहे. वायू वाढला की अस्थी क्षीण होतो. त्याच्या चिकित्सेत तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर, घृत आणि बस्ती येतात. याउलट आमवातात चक्रदत्त लंघन, स्वेदन, तिक्त-कटू-दीपन यांनी आरंभ करतो. तेथे प्रारंभी क्षीर-घृत नाही. म्हणजे आमजन्य शोथ आणि अस्थिक्षय यांना आपल्या आचार्यांनी दोन स्वतंत्र चिकित्सा दिल्या. १९९९ च्या त्या उंदरांत सूज आणि झीज वेगळ्या दारांनी जाताना दिसली तेव्हा मला हे आठवले. म्हणून वायू म्हणजे रँक-लायगँड आणि आम म्हणजे टीएनएफ अशी समीकरणे मांडण्याची घाई मी करणार नाही. हल्ली तिक्त रसाचे रिसेप्टर जिभेबाहेर, फुप्फुसाच्या मार्गातही सापडले आहेत (२०१०), आणि लगेच तिक्तक्षीरबस्तीशी त्याचे नाते जोडणारी व्याख्याने सुरू झाली. अभ्यास व्हावा, व्याख्यान नंतर द्यावे. चिकित्सेत मात्र ते दोन टप्पे वेगळे ठेवण्याचा मला उपयोग होतो : सूज, जडपणा, सकाळचा तासभराचा ताठरपणा असताना अस्थिपोषण सुरू करत नाही, आणि सूज उतरली म्हणून अस्थीचे काम संपले असे मानत नाही.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक, हातांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंनी सूज, असे सहा आठवड्यांहून जास्त चालले तर त्या रुग्णास संधिरोगतज्ज्ञाकडे एकदा पाठवावेच. दिघीहून त्यासाठी मुंबई वा पुणे गाठावे लागते, एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, हे मी जाणतो. परंतु हाडांचे कुरतडणे पहिल्या दोन वर्षांतच वेगाने होते आणि कुरतडलेले हाड भरून येत नाही.

त्या मावशीला मी माणगावच्या एका फिजिशियनकडे पाठवले. सकाळचे कॉर्टिसॉल फार खाली होते. पुडीऐवजी मोजून प्रेडनिसोलोन सुरू झाले, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि अस्थिरक्षक औषध त्यांनी दिले. रूमॅटॉइडसाठी मेथोट्रेक्सेट मुंबईच्या तज्ज्ञांनी ठरवले. माझ्याकडे लंघन-पाचन, वालुकास्वेद आणि पुढे मृदू अभ्यंग एवढेच राहिले. मेथोट्रेक्सेट यकृतावर भार टाकते म्हणून गुळवेल-गुग्गुळ मी दिला नाही. स्टेरॉइड उतरवायला नऊ महिने लागले. मध्ये दोनदा ती रागावून दवाखान्यातून निघून गेली, कारण बोटे पुन्हा सुजली होती आणि पुडीची आठवण येत होती. आता ती जेट्टीवर बसून मासळी निवडते, पाटी उचलत नाही. प्रयोगशाळेत पाठवून उरलेली ती चिमूटभर पुडी मी एका बाटलीत ठेवली आहे; कोणी ‘दोन तासांत आराम’ म्हणाले की टेबलावर काढतो.